सफरचंदाचा स्कॅब आणि ऑरगॅनिक बागेतलं मोरचूद: कधी मारायचं आणि कधी हात आवरायचा

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा सांगतो. तुमच्या भावाच्या सासरची हिमाचलमधल्या कोटखाईला सफरचंदाची बाग आहे, ऑरगॅनिक सर्टिफिकेशन चालू आहे, आणि तुम्ही त्यांच्या पेट्या इथे ठाण्यात कोलशेत-मानपाड्याच्या सोसायट्यांमध्ये विकता. गेल्या सीझनला स्कॅबच्या, म्हणजे सफरचंदाच्या पानाफळांवर डाग आणणाऱ्या बुरशीच्या रोगाच्या, धास्तीने त्यांनी पाकळ्या गळल्यावर दोनदा बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण, मारला, तरी फळांवर तपकिरी डाग आले, गिऱ्हाइकं म्हणाली रोगट माल आहे, आणि एका काकांनी तर तोंडावर विचारलं की ऑरगॅनिक म्हणता मग मोरचूद कसं चालतं. शिवाय बाबांनी शहापूरच्या शेतावर लावलेल्या सफरचंदाच्या झाडांच्या पानांवर ठिपके आहेत, त्यांना पण तेच मारू का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं शिमला-कुल्लूकडे बागायतदारांबरोबर फवारणीचं काम केलं, आता नेरुळला असतो आणि सीझनला वाशीच्या फळ मार्केटात माल पारखून द्यायचं काम करतो. त्यामुळे झाडावरचा स्कॅब आणि पेटीतला स्कॅब, दोन्ही रोजच्या बघण्यातले.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला तो डाग स्कॅबचा नाहीये. ते तांब्याने भाजलंय. फोटो मोठा करून बघा, देठाच्या बाजूने खाली गालापर्यंत बारीक तपकिरी जाळी पसरलीय, हात फिरवला तर बटाट्याच्या सालीसारखी खरखरीत लागेल पण कुठे चीर नाही, खड्डा नाही, फळाचा आकार बिघडलेला नाही. ह्याला रसेटिंग म्हणतात. स्कॅबचा डाग गोलसर असतो, सुरुवातीला शेवाळी-काळपट आणि मखमलीसारखा, आणि त्याच्या कडेला सालीचा पातळ पांढरट पापुद्रा सुटलेला दिसतो, हा पापुद्रा दिसला की समजायचं. जुना झाला की डाग बुचासारखा कडक होतो, त्याला भेगा पडतात, आणि लहानपणी लागण झालेलं फळ त्या बाजूने वाढतच नाही म्हणून वाकडं होतं. तिसरा एक प्रकार आहे, धुरकट काळे पट्टे किंवा माशीने बसून घाण केल्यासारखे बारीक ठिपके, ते ओल्या फडक्याने जोर लावून पुसले की बऱ्यापैकी निघतात, ते पण स्कॅब नव्हेत. आणि चौथा प्रकार आमच्या मार्केटमधल्या लोकांना चांगला माहीत आहे, सप्टेंबरात पेटी उघडली तर माल एकदम साफ, आणि तोच माल दिवाळीनंतर कोल्ड स्टोरेजमधून काढला की टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. हा मात्र खरा स्कॅब, तोडणीच्या आधी शेवटच्या पावसात लागलेला, थंडीत हळूहळू वर येणारा.

म्हणजे गेल्या वर्षी त्यांनी औषध चुकीचं नाही निवडलं, वेळ चुकीची निवडली. तांबं हे ह्या रोगावर सीझनच्या अगदी सुरुवातीचं औषध आहे, नंतर ते फायद्यापेक्षा तोटाच जास्त करतं. असं का, तर त्यासाठी रोग कसा चालतो ते बघावं लागेल.

स्कॅबची बुरशी, व्हेंचुरिया इनइक्वालिस तिचं नाव, हिवाळा काढते ती झाडाखाली पडलेल्या जुन्या पानांत. फांदीवर नाही, मातीत नाही, पडलेल्या पानांत. बर्फ वितळलं, मार्चमध्ये पाऊस पडला, पानं भिजली की त्यातून बीजाणू हवेत उडतात आणि नुकत्याच फुटलेल्या कोंबावर जाऊन बसतात. ग्रीन टिप म्हणजे कळीतून हिरवं टोक दिसायला लागतं, तिथपासून पाकळ्या गळून पुढचे काही आठवडे हा पहिला हल्ला चालतो, आणि तो तुम्ही थोपवलात तर पुढचं वर्ष बऱ्यापैकी सोपं जातं. नाही थोपवला तर दोन-अडीच आठवड्यांत पानावर डाग येतात आणि प्रत्येक डाग नवीन बीजाणू तयार करायला लागतो, मग पावसाळाभर पळापळ. काश्मीरमध्ये १९७३ ला आणि हिमाचलमध्ये १९८३ ला स्कॅबची जी मोठी साथ आली ती अजून तिकडचे म्हातारे बागायतदार सांगतात, आज तिकडे जे युनिव्हर्सिटीचं फवारणीचं शेड्यूल भिंतीवर लावलेलं दिसतं त्याची सवय लोकांना त्या साथीनंतरच लागली.

आता लागण व्हायला नुसता पाऊस पुरत नाही, पान किती तास ओलं राहिलं ते महत्त्वाचं. न्यूयॉर्कच्या मिल्स नावाच्या संशोधकाने १९४४ मध्ये ह्याचा तक्ता केला आणि १९८९ मध्ये तो सुधारला गेला, त्या सुधारलेल्या हिशेबाने तापमान १६ ते २४ डिग्री असेल तर पान साधारण ६ तास ओलं राहिलं तरी लागण होते, १० डिग्रीला ११ तास लागतात, ५-६ डिग्रीला १८ ते २१ तास. हा तक्ता भावाच्या सासरच्यांना फोनमध्ये सेव्ह करून द्या. कारण तिकडे काय होतं की पाऊस आला की घाबरून मारायचं आणि नाही आला तरी शेजाऱ्याने मारलं म्हणून मारायचं. शेजाऱ्याची बाग वरच्या उन्हाच्या उतारावर असते, दहा वाजता सुकते, आणि ह्यांची नाल्याकडे, दुपारपर्यंत थेंब लोंबत असतात, दोघांचं शेड्यूल एक कसं असेल.

तांबं काय करतं, तर पानावर नुसतं पसरून बसतं. पाण्याचा थेंब आला की त्यातून तांब्याचे आयन थोडे थोडे सुटतात आणि रुजायला निघालेला बीजाणू तिथेच मरतो. पानाच्या आत ते शिरत नाही, आणि आत गेलेल्या बुरशीला हात लावू शकत नाही. म्हणून पावसाच्या आधी मारलं तर उपयोग, पाऊस होऊन लागण झाल्यावर मारलं तर नुसतं निळं झाड बघायचं समाधान. ग्रीन टिपला तांब्याचे दोन फायदे आहेत. एक, त्या वेळी थंडी असते आणि थंडीत गंधक ढिलं पडतं, तांबं काम करतं. दुसरं, ते चिकट आहे, फांदीवर राहिलेलं तांबं पुढच्या पावसात थोडं थोडं ओघळून नवीन कोंबावर जातं. आणि त्या वेळी फळच नसतं त्यामुळे भाजायचा प्रश्न नाही. हाफ इंच ग्रीन म्हणजे कोंब अर्धा इंच बाहेर आला की पूर्ण मात्रेचं तांबं थांबवायचं, त्यानंतर कळीतल्या बारीक फळाची साल तांबं सहन करत नाही. त्यात थंड ओली हवा असली आणि फवारणी सुकायला वेळ लागला तर हमखास रसेटिंग. गोल्डन जातीच्या सफरचंदाला तर फारच लवकर होतं, रॉयल जातीला थोडं कमी. युरोपातले काही ऑरगॅनिक वाले पुढे सुद्धा अगदी बारीक मात्रेत तांबं मारतात, पण त्यांच्याकडे हवामानाचं स्टेशन बागेत असतं आणि बराच माल ज्यूसला जातो, तुम्हाला सोसायटीत चेहरा बघून फळ विकायचंय, तुम्ही त्या नादाला लागू नका.

आता किती. इथे बहुतेक जण गडबडतात कारण मोरचूदाचे किलो मोजतात, तांब्याचे मोजत नाहीत. मोरचूदात तांबं फक्त २५ टक्के असतं. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. तिकडे सगळे २०० लिटरच्या ड्रममध्ये बोलतात, तर एका ड्रमला २ किलो मोरचूद, म्हणजे ५०० ग्रॅम तांबं. हेक्टरला ५ ड्रम गेले तर एका फवारणीत अडीच किलो तांबं जमिनीवर आलं. कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्केवालं लिटरला ३ ग्रॅम घेतलं तर ड्रमला ६०० ग्रॅम पावडर, त्यात तांबं ३००, पाच ड्रमचे दीड किलो. युरोपियन युनियनने २०१९ पासून मर्यादा घातलीय की ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, एकरी दीड-पावणेदोन किलोच्या आसपास. जर्मनीतले ऑरगॅनिक वाले ३ किलोवर थांबतात, आणि डेन्मार्क-नेदरलँड्समध्ये बुरशीनाशक म्हणून तांबं चालतच नाही. आपल्याकडे एनपीओपीत, म्हणजे सरकारच्या ऑरगॅनिकच्या नियमांत, तांब्याची औषधं चालतात पण अटीवर, तुमची सर्टिफिकेशन वाली संस्था आधी विचारून घ्या म्हणते आणि ते बरोबरच आहे, कोणता ब्रँड चालतो तेही तिच्याकडूनच लेखी घ्या. गेल्या वर्षीचा हिशेब काढा म्हणजे कळेल, पाकळ्या गळल्यावर दोन बोर्डो म्हणजे पाच किलो तांबं हेक्टरी आणि वर फळ भाजलं ते वेगळं.

आणि हो, एक गोष्ट हिशेबात कुणीच धरत नाही. नैसर्गिक शेतीवाले आंबट ताकात तांब्याची तार नाहीतर तांब्याचं भांडं ठेवतात आणि हिरवट झालेलं ताक फवारतात. ते पण तांबंच आहे हो! उलट आंबट पाण्यात तांबं एकदम जास्त विरघळतं आणि पान-फळ जास्त भाजतं. बोर्डोत चुना घालतात तो ह्याच्यासाठी, तांबं हळूहळू सुटावं म्हणून. त्यामुळे कुठल्याही तांब्याच्या औषधात ताक, व्हिनेगर, जीवामृत असलं काही मिसळू नका.

बोर्डो घरी करणार असतील तर एवढं सांगा. मोरचूद आदल्या रात्री प्लास्टिकच्या बादलीत भिजत घालायचं, लोखंडाची किंवा पत्र्याची बादली चालत नाही. कळीचा चुना ताजा घ्यायचा, महिनोन्महिने पोत्यात पडून पीठ झालेला नको, विझवून गाळून घ्यायचा. मग मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलटं नाही, आणि ओतताना ढवळत राहायचं. झाल्यावर स्वच्छ विळ्याचं किंवा सुरीचं पातं मिनिटभर त्यात बुडवायचं, पात्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. श्रीवर्धन-मुरुडकडे सुपारीच्या कोळेरोगाला बोर्डो मारणारे हेच करतात, त्यांना कुणी शिकवायला लागत नाही. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ते चिकटत नाही आणि नोझल तुंबतो.

गंमत म्हणजे हे मिश्रण रोगासाठी शोधलंच गेलं नव्हतं. फ्रान्समध्ये बोर्डो शहराकडे रस्त्याकडेच्या द्राक्षांवर लोक मोरचूद-चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने तोडून खाऊ नये म्हणून. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्या वेलींना डाऊनी, म्हणजे द्राक्षाचा केवडा रोग, लागत नाही, आणि १८८५ मध्ये त्याने ते छापलं. आज आपले नाशिकवाले डाऊनीला तेच वापरतात. पण त्याच बोर्डोच्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत आज किलोमागे शेकडो मिलिग्रॅम तांबं साठलेलं सापडतं, कारण तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, उडून जात नाही, वरच्या वीतभर मातीत बसून राहतं.

आणि ह्याचा स्कॅबशी थेट संबंध आहे, म्हणून मी तांब्यावर एवढा अडून बसलोय. पडलेलं पान संपवायचं काम बागेत सगळ्यात जास्त कोण करतं? गांडूळ. रात्री वर येतं, पान ओढून बिळात नेतं आणि खातं, म्हणजे पुढच्या वर्षीचा रोग खातं. तांबं साठलेल्या जमिनीत गांडुळं कमी होतात, पानं तशीच पडून राहतात, रोग वाढतो, मग माणूस अजून तांबं मारतो. हे चक्र मी चांगल्या चांगल्या बागांत बघितलंय.

म्हणून खरी मेहनत नोव्हेंबर-डिसेंबरात घालायची. युरिया मारून पानं कुजवायची पद्धत साध्या बागेत चालते, ऑरगॅनिकमध्ये नाही चालत. मग पानं गोळा करायची, झाडाभोवतीच्या आळ्यातून, ज्याला तिकडे तौलिया म्हणतात, तिथून आणि मुख्य म्हणजे बांधाच्या कोपऱ्यात वाऱ्याने साठलेला ढीग, तो कुणी उचलत नाही आणि सगळा रोग तिथूनच उठतो. खड्ड्यात शेणाबरोबर घालून चांगलं तापणारं कंपोस्ट करायचं. सपाट जागा असेल आणि गवत कापायचं मशीन असेल तर पानं बारीक चिरून टाकली तरी खूप फरक पडतो, बारीक तुकडे लवकर कुजतात. पण कोटखाईच्या उतारावर मशीन कुठे फिरवणार, तिथे दंताळं आणि माणसंच लागणार, मजुरी लागते, मान्य आहे. त्या मजुरीत दोन फवारण्या वाचतात हा माझा हिशेब आहे, घरचे मान्य करतील का ते तुम्ही बघा. छाटणी पण मोकळी करायची, मध्ये ऊन आणि वारा शिरला की पान लवकर सुकतं आणि तक्त्यातले ते तास भरतच नाहीत.

मग सीझनचं असं धरा. ग्रीन टिपला, पावसाचा अंदाज बघून, एकदा तांबं. हिवाळी तेलाची फवारणी ते सॅन होजे स्केल ह्या खवले किडीसाठी करतच असतील, ती पण त्याच सुमारास उरकून घेतलेली बरी, कारण तेल आणि गंधक ह्यात दोन आठवड्यांचं अंतर लागतं आणि तेल उशिरा मारलं की नेमकं जेव्हा गंधक हवं तेव्हा हात बांधले जातात. तिथून पुढे पिंक बडपर्यंत, म्हणजे कळ्या गुलाबी दिसेपर्यंत, आणि पाकळ्या गळल्यावर विरघळणारं गंधक, पावसाच्या आधी, नवीन पानं भराभर येत असतात म्हणून पाच-सात दिवसांनी झाड तपासायचं. ३० डिग्रीच्या वर ऊन असेल तर गंधक मारायचं नाही, पान जळतं. आणि मारायचं राहून गेलं आणि मोठा पाऊस झाला तर लाइम सल्फर म्हणजे चुना-गंधकाचा द्राव, ऑरगॅनिकमध्ये लागण झाल्यावर एक-दीड दिवसाच्या आत थोडं मागे जाऊन काम करणारं औषध म्हणजे मुख्यतः तेच. पण फुलोऱ्यात नको, फुलं गळतात, आणि मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवलेल्या असतात त्यांचाही विचार करायचा. तांबं आणि लाइम सल्फर एका ड्रममध्ये कधीच नाही.

नवीन झाडं लावणार असतील तर रॉयलचाच हट्ट सोडायला सांगा. फ्लोरिना, लिबर्टी, काश्मीरकडच्या फिरदौस आणि शिरीन, ह्या जाती स्कॅबला दाद देत नाहीत किंवा फारच कमी देतात. मार्केटला नाव रॉयलचंच चालतं हे खरं, वाशीत फ्लोरिनाच्या पेटीला रॉयलचा भाव मागितला तर व्यापारी हसेल, पण तुम्ही गाळ्यावर विकतच नाही ना, तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं, त्याला फोड कापून खायला द्या, तो जात विचारणार नाही. एवढंच की युरोपात ह्या प्रतिकाराला भेदणारे बुरशीचे प्रकार आलेले आहेत, म्हणून ह्या जातींची सुद्धा पानं गोळा करायची.

काकांना काय सांगायचं ते. ऑरगॅनिक म्हणजे काहीच फवारत नाही असं नसतं, ठरावीक यादीतलंच फवारता येतं, आणि तांबं त्या यादीत अटीवर आहे हे सरळ सांगा, लपवू नका. ग्रीन टिपला मारलेलं तांबं फळ धरायच्या आधीचं असतं, त्यामुळे फळावर ते शोधून मिळणार नाही. गेल्या वर्षीसारखं फळ आल्यावर मारलेलं असेल तर मात्र देठाच्या खळग्यात निळसर पांढरं बसलेलं दिसतं, तो माल चोळून धुऊन खा म्हणून सांगायलाच हवं. रसेटिंगवालं फळ आत एकदम चांगलं असतं, खुशाल खा. स्कॅबवालं पण खायला काही होत नाही, डाग कापून टाकायचा, फक्त ते टिकत नाही, भेगेतून सड लागते, म्हणून असा माल वेगळा काढून आधी विका आणि भाव कमी लावा.

राहिलं शहापूर. बाबांनी अ‍ॅना, डोरसेट गोल्डन किंवा बिलासपूरच्या हरिमन शर्मांची ती एचआरएमएन-९९, असलं काही कमी थंडीत येणारं लावलेलं असणार. तिथल्या ठिपक्यांना स्कॅब समजू नका. ही बुरशी थंड हवेची, २६ डिग्रीच्या वर तिची लागण जवळपास थांबते, आणि जुन्या पानात हिवाळा काढायला तिला लागतो तसा हिवाळा शहापूरला पडत नाही. पावसाळ्यात तिथे येणारे ठिपके दुसऱ्याच बुरशींचे असतात, अल्टरनेरिया वगैरे, आणि आपल्याकडच्या जुलैच्या पावसात मोरचूद मारलं तर ते संध्याकाळपर्यंत ओढ्यात पोचतं. बुंध्याशी पाणी साचत असेल तर आधी चर काढा, खालच्या टेकलेल्या फांद्या काढा, गळलेली पानं उचला. आणि मला एका पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, खालची बाजू उजेडात धरून जवळून, डागाची कड नीट दिसेल असा. तोवर बाबांना पंप बाहेर काढू देऊ नका.